दिवेवालीचा विराम

"पुन्हा मरा, बाई," रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला. "आगीतलं झालं, पाण्यातलं झालं. आता बाणाने. आणि या खेपेला जरा आटोपशीर मरा."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला, हेडफोन सारखे केले आणि बाण लागून मेल्या. चांगल्या मेल्या. घशातून एक बारीक ‘अ’ निघाला आणि पुरता बाहेर पडायच्या आतच संपला. रेकॉर्डिस्टशेजारच्या दिग्दर्शकाने अंगठा वर केला. हा दिग्दर्शक बाईंच्या मुलापेक्षाही लहान होता. सकाळपासून खुर्चीत मांडी घालून बसला होता आणि बाईंना मॅडम म्हणत होता.

काम एका मोठ्या व्हिडिओ गेमचं होतं. अंधाराच्या राज्यातून पाच जणांची एक टोळी निघालेली: तलवारवाला, धनुष्यवाली, जादूगार, चोर आणि एक म्हातारी. खेळणाऱ्याने या पाचांना सांभाळून न्यायचं, वाटेत त्यांचं बोलणं ऐकायचं, कुणाला काय उत्तर द्यायचं ते निवडायचं, आणि निवडाल तशी गोष्ट वळत जायची. मध्ये मध्ये लढाया. तीही नुसती हाणामारी नव्हे. बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटींची जमीन, आधी आपण चालायचं, मग शत्रूने. म्हातारीच्या हातात हत्यार नव्हतं, दिवा होता. ती उभी राहील तिथे उजेड, आणि त्या उजेडात सगळ्यांचे नेम बरोबर लागायचे, शत्रूचेसुद्धा. तिला नाव नव्हतं. टोळीतले सगळे तिला दिवेवाली म्हणत. पहिल्याच आठवड्यात स्टुडिओच्या दारावरचा वॉचमनही बाईंना दिवेवाली म्हणायला लागला आणि बाईंना ते मनापासून आवडलं.

"आता पूल घेऊ," दिग्दर्शक म्हणाला.

पुलाचं दृश्य शेवटाकडचं होतं. टोळी पूल ओलांडते आहे, मागून शत्रू येतो आहे, आणि मागे दिवा धरून कुणीतरी थांबल्याशिवाय बाकीचे सुटत नाहीत. दिवेवाली म्हणते, "जा तुम्ही. माझी काळजी करू नका. दिवा आहे माझ्याजवळ." आणि मग म्हणते, "मला इथे ठेवू नका रे." हे शेवटचं वाक्य संपलं की खेळणाऱ्यापुढे पडद्यावर ‘मागे फिरा’ असं उमटायचं. फिरला तर लढाई अवघड, पण म्हातारी वाचायची. पुढे गेला तर मागून फक्त तो बारीक ‘अ’ ऐकू यायचा.

बाईंनी पहिली तीन वाक्यं म्हटली आणि थांबल्या. बऱ्याच थांबल्या. रेकॉर्डिस्टने मान वर करून पाहिलं. मग बाईंनी शेवटचं वाक्य म्हटलं, अगदी हळू, जणू तोंडातून चुकून सांडलं.

"सुंदर," दिग्दर्शक म्हणाला, "पण मध्ये फार गॅप पडतेय, मॅडम."

"पडत नाही. मी ठेवतेय."

"लोकांना वाटेल, संपलं बोलणं."

"तिलाही तसंच वाटतं ना," बाई म्हणाल्या. "ती तिथे संपवतेच. मग हे सगळे खरंच चालायला लागतात आणि तिचा धीर सुटतो. ते वाक्य लगेच आलं तर आधीपासून मागणंच मनात होतं, असं होईल. ती मागणारी बाई नाही."

"थोडी कमी करू या. हल्ली कुणी थांबत नाही हो."

एरवी बाई ‘बरं’ म्हणाल्या असत्या. जन्मभर त्या ‘बरं’ म्हणत आल्या होत्या. पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे, त्यांनी हेडफोन काढून खुंटीला लावले आणि म्हणाल्या, "मग हे दुसऱ्या कुणाकडून घ्या."

काचेपलीकडे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाकडून घ्यायचं तर तिचं सगळं बोलणं आणि सगळी मरणं पुन्हा घ्यावी लागली असती. दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं. "राहू दे," तो म्हणाला. "तुमचा विराम तुम्हाला लखलाभ."

बाई त्या दिवशी घरी तरंगतच गेल्या.

आवाजाच्या धंद्यात त्यांचा जन्म गेला होता, पण माणसाचा आवाज त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. त्यांच्या वाट्याला आली ती दारं, फलाट आणि टेलिफोन. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे त्यांनी इतक्या कंपन्यांसाठी म्हटलं होतं, की एकदा गॅसची तक्रार करायला फोन लावला तेव्हा त्यांना त्यांनीच ताटकळत ठेवलं, आणि वर फोनही कट केला. त्यांच्या इमारतीत नवी लिफ्ट बसली तीही त्यांच्याच आवाजात बोलू लागली: "दार बंद होत आहे. कृपया मागे सरा." तरुणपणी केलेलं काम. शेजारीण एकदा लिफ्टमध्ये म्हणाली, "काय रुक्ष बाई आहे हो ही, माया म्हणून नाही." बाईंनी मान डोलावली आणि ही गोष्ट घरी येऊन कुणालाच सांगितली नाही.

सांगण्यासारखं माणूस होतं ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवऱ्याला बाईंची एक खोड ठाऊक होती. ताटात शेवटची वडी उरली आणि कुणाला हवी असं विचारलं, की बाई म्हणायच्या, "तुम्ही घ्या." मग गप्प बसायच्या. त्या गप्प बसण्यात खरं उत्तर असायचं. नवरा घटकाभर थांबायचा आणि वडी त्यांच्या ताटात टाकायचा. मुलाने बापाचं नाक घेतलं, चाल घेतली, भरपूर केस घेतले, पण हे थांबणं काही घेतलं नाही.

गेम बाजारात यायच्या आदल्या आठवड्यात मुलाने जेवताना विषय काढला.

"आई, माझी बदली होतेय. वरच्या जागेवर. तिकडे कंपनी घर देते, तीन खोल्यांचं. तू येशील ना?"

सुनेचा वाढता हात मध्येच थांबला.

"मी कशाला?" बाई म्हणाल्या. "जा तुम्ही. माझं काम आहे इथे."

त्यांनी भांडं उचललं, पाणी प्यायल्या, भांडं खाली ठेवलं. ‘पण एकटीला करमायचं नाही रे,’ एवढं म्हणायचं राहिलं होतं. ओठांवर आलंही होतं.

"बघ, मी तुला म्हटलं नव्हतं?" मुलगा बायकोला म्हणाला. "आई इथेच रमते." सुनेने मग भराभर वाढलं. सासूला दोनदा आग्रहही केला. उरलेलं वाक्य बाईंनी घासाबरोबर गिळलं.

काम आहे म्हणाल्या ते मात्र अगदीच खोटं नव्हतं. गेमचा दुसरा भाग ठरला होता, आणि गोष्ट लिहिणाऱ्या मुलीने बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की त्यात दिवेवाली टोळीची म्होरकी व्हायची आहे. सगळी कथा तिच्या तोंडून. पुढची कितीतरी वर्षं पुरेल एवढं बोलणं. अट एकच: पुलावरून ती जिवंत परतायला हवी. पहिल्या भागात बहुतेक लोक जे करतील तेच खरं झालं असं धरून पुढची गोष्ट लिहायची, असं कंपनीने ठरवलं होतं. लोकांनी तिला आणलं तर ती आहे, सोडलं तर नाही. म्हणजे बाईंनी मुलाला जा म्हटलं होतं ते या म्हातारीच्या भरवशावर. मुलगा गेला तरी ही राहील, असा त्यांनी आपल्याशी हिशेब घातला होता.

गेम आला. रविवारी दुपारी मुलगा टीव्हीपुढे ठाण मांडून बसला. बाई मागे मटार सोलत बसल्या. गोष्टीतलं पुढचं कुणाला सांगायचं नाही, असं स्टुडिओने त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं, तेव्हा तोंड बंद होतं.

मुलगा हुशारीने खेळत होता. पहिल्याच लढाईत त्याने दिवेवालीला उचललं आणि पार लांबच्या कोपऱ्यात, एकटीला नेऊन उभं केलं.

"अरे, मला तिकडे कुठे टाकतोस?"

"ती युक्ती आहे, आई. सगळे तेच करतात. उजेड दिसला की शत्रू तिकडे धावतात. ते तुला मारत बसतात, तोवर आम्ही मागून जाऊन त्यांना साफ करतो. नंतर चोर येऊन तुला औषध पाजतो. उठतेस की तू."

"आणि औषध संपलं तर?"

"मग तुला नाही पाजत," मुलगा म्हणाला. "तलवारवाल्याला लागतं ना."

पडद्यावर शत्रू धावत आले आणि दिवेवालीला बडवू लागले. ती प्रत्येक घावाला वेगळं कण्हत होती. बाईंनी एकेक कण्हणं वेगळं करून दिलं होतं, सारखं वाटू नये म्हणून.

"आई, तुम्ही मार खाता तेव्हा अगदी खरं वाटतं हं," सून आतून येऊन म्हणाली. तिला कौतुकच करायचं होतं.

असं ते बऱ्याच रविवारी चाललं. बाईंना कोपऱ्याची सवय झाली. त्यांचं लक्ष पुलाकडे होतं. एकदाचा पूल आला तेव्हा त्यांनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं.

"जा तुम्ही," पडद्यावरची म्हातारी म्हणाली. "माझी काळजी करू नका. दिवा आहे माझ्याजवळ."

आणि तो विराम सुरू झाला. वारा आला, ज्योत एका अंगाला झुकली, म्हातारीचे डोळे टोळीच्या पाठींकडे लागले. बाईंचे ओठ आपोआप हलायला लागले होते. आता. आता येईल.

मुलाने पुढे जायचं बटण दाबलं.

"थांब ना," बाई म्हणाल्या.

"काय गं?"

"ती बोलत होती."

"संपलं की तिचं. तीच म्हणाली ना, जा म्हणून." टोळी पुलापलीकडे पोचली होती. मागे अंधारात दिवा विझला आणि तो बारीक ‘अ’ ऐकू आला. "मेली वाटतं," मुलगा म्हणाला. "जाऊ दे. जादूगाराला आता उजेडाचा मंत्र मिळालाय, दिवेवाली नसली तरी काही अडत नाही."

बाईंनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं. त्यांना राग आला होता, आणि तो नक्की कुणाचा ते कळत नव्हतं. एकट्या याने दाबलं असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. हा लहानपणापासून धसमुसळा. बाकी लोक ऐकून घेत असतील.

स्टुडिओतून बोलावणं आलं तेव्हा त्या नवी साडी नेसून गेल्या.

दिग्दर्शक खुशीत होता. गेम धोधो खपला होता. त्याने बाईंना मोठ्या पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर एक रंगीत वर्तुळ होतं. जवळजवळ सगळं करडं, आणि त्यात पिवळी, कागदासारखी पातळ फोड.

"ही फोड दिसतेय ना, मॅडम? हे तुम्हाला परत आणणारे."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे गेले पुढे."

बाई त्या पिवळ्या फोडीकडेच पाहत राहिल्या. दिग्दर्शकाला वाटलं, त्यांना समजलं नाही. त्याने उत्साहाने पुढचं चित्र लावलं. "आम्ही खोलात जाऊन पाहिलं. इथे तुमचं ‘दिवा आहे माझ्याजवळ’ संपतं. आणि इथे बघा, इथे सगळे बटण दाबतात. तुमच्या विरामात. पुढचं वाक्य जवळपास कुणी ऐकलेलंच नाही." मग म्हणाला, "मी म्हटलं होतं तुम्हाला."

"ज्यांनी ऐकलं," कोपऱ्यातून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ते सगळे मागे फिरले, बाई. ऐकून कुणी सोडून गेलं नाही."

हे त्याने बाईंना बरं वाटावं म्हणून सांगितलं. बाईंना ते बाणापेक्षा खोल लागलं. उभ्या आयुष्यात एकदा त्यांनी हट्ट धरला होता, आणि त्या हट्टानेच म्हातारीचा जीव घेतला होता.

"आता दुरुस्त केलंय आम्ही," दिग्दर्शक म्हणाला. "पुढच्या अपडेटमध्ये गॅप काढून टाकली. ऐका."

स्पीकरमधून बाईंचा आवाज आला, "जा तुम्ही माझी काळजी करू नका दिवा आहे माझ्याजवळ मला इथे ठेवू नका रे." एका दमात. म्हातारी मरणाच्या दारात उभी नसून भाजीवाल्याशी घासाघीस करते आहे असं वाटत होतं.

"आता लोक वाचवतील तिला?" बाईंनी विचारलं.

"वाचवतील की. पण त्याचा आता उपयोग नाही. दुसरा भाग लिहून झालाय, पहिल्याच दृश्यात तुमचं थडगं आहे. फार सुंदर केलंय, दाखवू?"

त्याने दाखवलं. खरंच सुंदर होतं. दगडावर विझलेला दिवा कोरला होता.

"मला काही काम?" बाईंनी इतक्या हळू विचारलं, की त्याला पुन्हा विचारावं लागलं, काय म्हणालात म्हणून.

"आहे ना. म्हणून तर बोलावलं. थडग्याशेजारी झाडावर एक घुबड आहे."

बाई काचेआड गेल्या, पदर खोचला आणि आपल्या थडग्यावर घुबड होऊन घुमल्या. दोन घुमण्यांच्या मध्ये त्यांनी सवयीने श्वास घेतला.

"मॅडम, मध्ये गॅप नको," हेडफोनमधून आवाज आला.

पुढच्या खेपेला त्यांनी गॅप ठेवली नाही.

मुलाचं सामान एका सकाळी ट्रकमधून पुढे गेलं. घरात बाईंची कॉट, एक कपाट आणि भिंतीवर निघालेल्या खिळ्यांच्या खुणा उरल्या. त्या सगळ्या आवराआवरीत बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ज्यांनी ऐकलं ते सगळे फिरले. कोण कुठली परकी माणसं, चित्रातल्या म्हातारीसाठी सुटायची वाट सोडून मागे आली. हा तर पोटचा होता. याने ऐकलंच नव्हतं, कारण आपण त्याला कधी ऐकू येईल असं म्हटलं नव्हतं. आपली तऱ्हाच चुकली. थांबायचं नाही. बाईंनी स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून वाक्य म्हणून पाहिलं. भांडी घासता घासता पुन्हा म्हणून पाहिलं.

निघायची वेळ झाली. सून पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये उभी होती, एका पायाने दार अडवून. मुलगा शेवटची बॅग घेऊन उंबऱ्यात वाकला आणि पाया पडला.

"येतो, आई. वेळेवर जेवत जा. पोचलो की फोन करतो."

"जा तुम्ही, नाही, जाऊ नका, मला घेऊन चल रे, मला इथे एकटीला ठेवू नकोस," बाई म्हणाल्या. एका दमात. श्वाससुद्धा घेतला नाही.

मुलगा थांबला.

त्याने ऐकलं होतं, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं होतं. त्याने आईकडे पाहिलं, मग लिफ्टकडे. लिफ्टमध्ये सून बटणांवरचे आकडे वाचत होती. मुलाने हातातली बॅग या हातातून त्या हातात घेतली. तोंड उघडलं, मिटलं.

शांतता मोजायचं काम बाईंनी जन्मभर केलं होतं. कुठल्या शांततेत काय असतं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. या शांततेत त्यांना सगळं ऐकू आलं. तिसरी खोली आपल्यासाठी ठरलेली नाही ते. दार लावून झालेली बोलणी. आई रमते इथेच, असं तो म्हणाला तेव्हा त्याच्या छातीवरून उतरलेलं ओझं. त्याच्यापाशी बोलायला काही नव्हतं, आणि तो कितीही वेळ उभा राहिला असता तरी काही येणार नव्हतं. आपण आणखी क्षणभर थांबलो तर पोराला खोटं तरी बोलावं लागेल किंवा खरं तरी, हे बाईंना कळलं. दोन्ही त्यांना ऐकायचं नव्हतं.

त्या हसल्या. धंद्यातलं हसू होतं, पहिल्याच टेकला बरोबर आलं.

"कसा घाबरलास. अरे, खेळातलं बोलणं आहे ते, पुलावरचं. तू त्या दिवशी बटण दाबलंस ना, ते राहिलं होतं तुझं ऐकायचं. म्हणून बोलून दाखवलं."

"बाप रे, आई," मुलगा ताबडतोब म्हणाला. मध्ये जरासुद्धा गॅप पडली नाही. "मला खरंच वाटलं. काय आवाज आहे गं तुझा." त्याने बॅग खांद्याला लावली. "दुसऱ्या भागात घेतलंय ना तुला?"

"घेतलंय की. पहिल्याच दृश्यात आहे मी."

"मग झालं तर. तेच म्हणतो मी, तुला काम असलं की तू मजेत असतेस."

तो लिफ्टमध्ये शिरला. सुनेने दारातून पाय काढला, पहिल्यांदाच वर पाहिलं आणि हात हलवला. बाई त्यांच्या मागोमाग लिफ्टपाशी आल्या होत्या. दाराच्या अगदी जवळ, एक हात थोडा पुढे झालेला.

"दार बंद होत आहे," लिफ्टमधली तरुण बाई म्हणाली. आवाज स्वच्छ होता, कुठे हलला नाही. दोन वाक्यांच्या मध्ये तिने हवा तेवढाच विराम घेतला. "कृपया मागे सरा."

बाई मागे सरल्या.